दगडाखालचा कोळसा

पहिला दगड बसला आणि माझा हात अजून त्याच्यावरच होता, तेवढ्यात वरून गोमूत्र आलं.

मालकानं तांब्यात आंब्याची डहाळी बुडवली आणि दगडावर झटकली. तीनदा. तो दगड मी आणि बाबांनी ट्रॉलीतून उतरवला होता, धानाच्या धसकटांतून वाहून आणला होता, खड्डा खोदून त्यात उभा केला होता. थेंब माझ्या बोटांवर पडले. एक ओठाजवळ उडाला. मी हात ओढून घेतला आणि पदराला पुसला.

"तुले नाई टाकलं व. दगडाले टाकलं," मालक म्हणाला. "तुमचा हात लागला ना त्याले."

मोजणीचे साहेब मशीनच्या काठीपाशी उभे होते. त्यांनी पाहिलं. पाहिलं आणि हातातल्या टॅबमध्ये मान घातली. बाबा खड्ड्यातली माती पायानं दाबत होते. जसं काही झालंच नाही.

दगड गाडायला आमचाच हात पाहिजे, दुसऱ्याचा चालत नाही. आणि आमचा हात लागला की दगड बाटतो. ही अक्कल कोणाच्या टाळक्यातून निघाली असेल ती असो, पण ती माझ्या ओठाला लागली होती आणि तिचा वास येत होता.

आमचं गाव आरमोरीच्या बाजूचं, धानाचं. इथं मोजणी झाली की साहेब कोपऱ्याकोपऱ्यावर लाकडी खुंटी ठोकतो, भोवती चुना टाकतो आणि निघून जातो. खुंटी वाळवी खाते, चुना पहिल्या पाण्यात जातो. कायमची खूण करायची तर जमीनवाल्यानं तिथं दगड गाडायचा. कायद्याचं म्हणणं एवढंच. बाकीचं सगळं मालकाच्या घराण्याचं. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा दगड आमच्याच लोकांनी गाडायचा. खड्डाही आम्हीच खोदायचा. जमीनवाल्यानं त्या खड्ड्यात पाहायचं नाही. पाहिलं तर वंश बुडतो. म्हणून आम्ही खोदायला लागलो की मालक आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, दगड बसला की वळायचा आणि तांब्या उचलायचा. आमचा वंश बुडाला तर बुडाला, त्याची फिकीर कोणाला नव्हती.

शेवटचा दगड गाडला की त्याच्यावर कोंबडा कापायचा. मुंडकं दगडाला, बाकीचा कोंबडा गाडणाऱ्याला. त्या दिवशीही तो ट्रॉलीच्या सावलीत पाय बांधून पडलेला होता. तांबडा, मोठा.

मालगुजारी जाऊन पिढ्या गेल्या, पण गावात त्याला मालकच म्हणतात. मीही म्हणायचे. माझ्या आज्यानं धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं एका दिवसात टाकली. ढोर ओढणं टाकलं, सांगावा नेणं टाकलं. दगड गाडणं तेवढं राहिलं. का, तर मालकाच्या तलावाचा पाट आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात यायचा आणि तो दगडानं बंद करायला मालकाला एक गडी पुरायचा. घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली कोपऱ्यात खड्डे खोदायची सब्बल, लोखंडी पहार. मी लहानपणापासून दोन्ही एकत्रच पाहत आले.

आमची दीड एकर आणि मालकाची वीस एकर, मधे एक बोडी. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. पाऊस जाताना ओढ देतो तेव्हा धान पोटरीत असतं. त्या आठ दिवसांत बोडीचं पाणी मिळालं तर तांदूळ, नाही तर तणस, नुसता पेंढा. बोडी मालकाची, असं मला कळायला लागल्यापासून माहीत. दरवर्षी त्या दिवसांत, बोडीची पाणी सोडायची मोरी उघडू द्या म्हणायला, मी त्याच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहायचे.

"मालक, मोरी खोलू का?"

तो लगेच उत्तर द्यायचा नाही. खर्रा चघळत बसायचा. मी उन्हात. मी बारावी शिकलेली, सासरचा मार सोडून बापाच्या घरी परत आलेली, चाळिशीला टेकलेली बाई. त्याची पिचकारी माझ्या पायापासून हातभर लांब पडायची, मग तो मान हलवायचा. मी "बरं मालक" म्हणायचे आणि निघायचे. या "बरं मालक"ची मला आज जेवढी किळस येते तेवढी त्याच्या पिचकारीची येत नाही.

या वर्षी त्यानं बोडी बुजवायची ठरवली. तिथं राईस मिल घालणार, रस्त्याकडून गेट काढणार. म्हणून हद्द कायम करायची मोजणी मागवली. सहा कोपरे, सहा दगड. बाबांना निरोप आला, दगड गाडायला ये. बाबा सत्तरीचे. दगड त्यांच्यानं उचलत नाही, म्हणून मी गेले. बोडी आमचं धान जगवते, ती बुजवायच्या कामाला आम्हीच मजूर. आणि मी गेले.

एक गोष्ट मात्र मी बरोबर नेली होती. मोजणी ऑफिसची नोटीस. ती आठ दिवस आधी आमच्या घरी आली होती, बाबांच्या नावानं. बाबांनी ती घडी करून फोटोमागे खोचून ठेवली होती. मी काढून वाचली. त्यात लिहिलं होतं की लगतचे कब्जेदार म्हणून हजर राहावे, आपली हद्द दाखवावी, हरकत असल्यास सांगावी. तेव्हा मला त्यात फार काही वाटलं नाही. कागद आहे, असू द्या जवळ, एवढंच.

पाच दगड झाले. पाच वेळा मालकानं पाठ केली, पाच वेळा तांब्या. दुसऱ्या दगडापासून मी हात आधीच काढून घेत होते. लाज याची वाटते की मी हात काढून घ्यायला शिकले.

मधे चहा आला. साहेबांना खुर्ची आणि स्टीलचा पेला. आम्हाला प्लास्टिकचा, वापरून फेकायचा. आता हे नवीन आहे. आधी वेगळी कपबशी ठेवावी लागायची, कोणी पाहिलं तर बोलणं व्हायचं. आता दुकानातून पन्नास ग्लास आणायचे, कोणाची हिंमत आहे नावं ठेवायची. बाबांनी चहा पिऊन तो ग्लास नीट चुरगळला आणि कमरेला खोचला, बांधीत कचरा नको म्हणून.

सहावा कोपरा बोडीच्या अलीकडे, आमच्या बांधीला लागून. तिथं जुना दगड होता. शेवाळलेला, तिरपा झालेला. साहेबांनी काठी त्याच्या बाजूला टेकवली, टॅबमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"इथं माप बसत नाही," ते म्हणाले. "जुना नकाशा कोपरा बोडीच्या पलीकडे दाखवतो. हा दगड तुमच्या बाजूनं या लोकांच्या जमिनीत बराच आत आला आहे."

"नकाशाचं काय घेऊन बसले साहेब," मालक म्हणाला. "दगड पाहा ना. जुना आहे. यानंच गाडला आहे, माझ्या वडिलाच्या समोर. विचारा त्याले."

साहेब बाबांकडे वळले. "आजोबा, तुम्ही लगतवाले. दगड जुना असेल आणि तुम्हाला मान्य असेल तर मी तसं लिहितो. हाच मूळ दगड का?"

बाबा खाली पाहत होते. मग त्यांची नजर एकदाच उचलली, बोडीच्या पलीकडे, पळसाच्या खुंटाकडे गेली आणि परत खाली आली.

"हो साहेब. हाच."

मी ती नजर पाहिली. बापाची नजर लेकीला कळते. मी त्यांचा दंड धरला आणि दहा पावलं बाजूला नेलं.

"बाबा, तिकडं काय पाह्यलं तुम्ही?"

"काई नाई."

"बाबा."

ते बराच वेळ सब्बलीच्या टोकानं ढेकूळ फोडत राहिले. मग बोलले, माझ्याकडे न पाहता. "दगड मीच सरकवला. तू नऊ-दहा वर्षाची असशील. दोन साल पाणी नोतं. पाट बंद करून टाकला होता मोठ्या मालकानं. म्हणे दगड बोडीच्या अलीकडं घे, पाट खोलतो. मोरीचं पाणीबी घेत जा म्हणे, फक्त विचारून घेत जा."

"आन् तुम्ही घेतला."

"मंग काय करतो. खायाले काय घालतो तुमाले."

मला तो दिवस आठवला. मला तो आठवला नसता तर बरं झालं असतं. बाबा संध्याकाळी कोंबडा घेऊन आले होते, मुंडकं नसलेला. आईनं तो जवसाचं वाटण लावून शिजवला. आमच्या घरी कोंबडा म्हणजे सण. मी दोनदा वाढून घेतलं. तंगडीचं हाड चोखून चोखून पांढरं केलं. पुढं कित्येक वर्षं कोणी विचारलं की सगळ्यात चांगलं जेवण कोणतं, तर मी तो कोंबडा सांगायचे. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. पोट दुखतं म्हणाले होते.

म्हणजे मी माझी बोडी खाल्ली होती. रस्सा ओरपून. आणि नंतर तीस वर्षं, सासरची सोडली तर, माझ्याच पाण्यासाठी त्याच्या ओसरीसमोर उभी राहून त्याची पिचकारी पाहत होते.

मला तिथंच ओकारी आली. खरीच. धसकटांवर चहा पडला. मालक लांबून म्हणाला, "पाहा साहेब, ऊन सोसत नाई आजकाल या लोकाईले."

मी तोंड पुसलं. मला मालकाचा राग आला नव्हता. बाबांचा आला होता. या माणसानं मला रोज संध्याकाळी फोटोपुढं बसवून वंदना म्हणायला लावली, चोरी करू नये, खोटं बोलू नये, आणि स्वतः आपल्याच लेकरांची जमीन खणून दुसऱ्याला दिली. वर आता साहेबासमोर हो म्हणाला. मी त्यांना म्हटलं, "तुमची मले घीण वाटते बाबा." बापाला असं बोलू नये. मी बोलले आणि अजूनही मागे घेतलेलं नाही.

ते फार हळू म्हणाले, "दगड तेवढा सरकवला. खालचं नाई काढलं."

"खालचं काय?"

"कोळसा. दगडाखाली कोळसा घालतो ना आपण, आन् खापराचे तुकडे. तुया आज्यानं घातला होता. लाकूड सडते, दगड कोणीबी हलवते. कोळसा सडत नाई, वाळवी खात नाई. खूण राह्यते."

"मालकाले माहीत नाई?"

"त्याईले कसं माहीत राहीन. ते पाठ करून उभे राह्यतात."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पिढ्यान्पिढ्या या घराण्यानं खड्ड्यात पाहिलं नव्हतं. आमच्या हातांचा, आमच्या खड्ड्याचा एवढा विटाळ की आपलीच हद्द कशावर उभी आहे ते त्यांना ठाऊक नाही. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आज्यानं खूण राखून ठेवली होती आणि बापानं तिच्यावर माती टाकून तोंड शिवून घेतलं होतं, हेच डोक्यात घणघणत होतं.

मी बाबांच्या हातातून सब्बल घेतली आणि बोडीला वळसा घालून पलीकडे निघाले.

"ए, तिकडं कुठी चालली?" मालक ओरडला. "दगड इथी गाडाचा आहे."

"गाडाले नाई चालली. खोदाले चालली."

"कोणी सांगतलं तुले? मजुरीवर आली ना तू? मंग सांगतलं तेवढं कर."

मी थांबले. पदरातून नोटीस काढली. घामानं ओली झाली होती, पण अक्षर दिसत होतं. ती मी मालकाला दिली नाही, साहेबांच्या हातात दिली.

"साहेब, ही नोटीस माझ्या बाबाच्या नावानं आहे. आम्ही इथी मजूर नाई. लगतचे कब्जेदार आहो. याच्यात लिवलं आहे, आपली हद्द दाखवा म्हणून. मी दाखवून राह्यली."

साहेबांनी नोटीस उलटसुलट पाहिली. ती त्यांच्याच ऑफिसची होती, त्यांचीच सही होती. त्यांना सकाळपासून मी दिसत होते ती सब्बल घेतलेली बाई म्हणून. त्यांनी मालकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोदा."

पळसाच्या खुंटाजवळ मी हातभर खोदलं. नुसती माती. अजून वीतभर. काही नाही. मालक बांधावर पाठ करून उभा होता, सवयीनं, आणि पाठमोराच हसत होता. मला वाटलं, संपलं. तेव्हा बाबा आले. बोडीच्या मोरीपासून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते. अठराव्या पावलावर थांबले आणि टाच रोवली. मी खोदत होते तिथून दोन हात अलीकडे.

"इथी," ते म्हणाले. आणि सब्बल माझ्याकडून परत मागितली नाही, हातानंच माती ओढायला लागले.

आम्ही दोघांनी खोदलं. दीड हातावर खापर लागलं. मग दुसरं. मग काळं आलं. ओंजळभर कोळसा, वर खापराचे तुकडे झाकणासारखे ठेवलेले. बोटांना काळा रंग लागला, ताजा. आज्यानं ठेवला तसाच होता.

साहेब स्वतः खड्ड्याशी उकिडवे बसले. काठी बरोबर मधे टेकवली, टॅबमध्ये पाहिलं. मग म्हणाले, "नकाशाशी बसतं. चार बोटांचा फरक." मग बाबांना विचारलं, "आजोबा, मघाशी तुम्ही हो म्हणालात."

बाबा उभे राहिले. गुडघ्यांना माती. "खोटं बोललो साहेब. आधीबी खोटं केलं, आताबी बोललो. दगड मी सरकवला. याईच्या वडिलाच्या सांगण्यावरून. असं लिवून घ्या."

साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. लिहून झाल्यावर मालकाला हाक मारली. "या, खूण पाहा आणि सही करा."

मालक वळला नाही. "मी पाहत नसतो."

"पाहावं लागेल. अर्जदार तुम्ही आहात."

"आमच्यात पाहत नाई."

"मग अर्जदारानं खूण पाहण्यास नकार दिला, असं लिहू?"

पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरून घाम उतरताना मी पाहत होते. पांढरा सदरा, कॉलरवर घामाची काळी पट्टी. दोन-तीन मिनिटं गेली असतील. पाहिलं तर वंश बुडतो, नाही पाहिलं तर खूण खोटी म्हणता येत नाही, बोडी जाते. तांब्या त्याच्या पायाशी होता. त्यात अजून थोडं उरलेलं होतं, त्याचा उपयोग नव्हता.

"लिवा काय लिवाचं ते," तो शेवटी म्हणाला. "मी सही करत नाई. मी निमताना मागतो, वरचा साहेब येऊन मोजीन." आणि मग पाठमोराच बाबांना, "खड्डा बुजव तो. चल."

बाबांचा हात सवयीनं सब्बलीकडे गेला. मी सब्बलीवर पाय ठेवला.

"नाई बुजवणार," मी म्हटलं.

मी पंचनाम्यावर लगतवाल्यांची साक्षीदार म्हणून सही केली. हात धुतले नाहीत. कागदावर सहीच्या बाजूला काळी बोटं उठली. साहेब म्हणाले, "ताई, जरा सांभाळून." पण कागद बदलला नाही.

सहावा दगड बोडीच्या काठावर आडवा पडून होता. तो गाडायला गावात कोणी मिळालं नाही. मालकाच्या नात्यातले आले नाहीत, कारण खड्ड्यात पाहावं लागतं. आमच्या मोहल्ल्यातून कोणी जायचं नाही, हे मी घरोघर जाऊन सांगितलं. दोघांनी मला दारातूनच परत पाठवलं. पाट बंद होईल म्हणाले. पाट चौथ्या दिवशी बंद झाला, तो अजून बंद आहे.

मोजणीच्याच दिवशी संध्याकाळी मालकाचा ड्रायव्हर आमच्या दाराशी आला होता. हातात तो तांबडा कोंबडा, पाय बांधलेले, जिवंत. म्हणाला, "मालकानं पाठवला. म्हणे बाईले सांग, झालं ते झालं. पोळ्याच्या आधी दगड बोडीच्या अलीकडं गाडून द्या म्हणे, बोडीचं पाणी कायमचं तुमचं." पहिल्यांदा त्या घरातून माझ्यासाठी "बाई" आलं होतं. कोंबड्यासोबत.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "परत ने. जिता परत ने."

बाबांना मी माफ केलेलं नाही. आम्ही एका चुलीवर जेवतो, बोलतो कमी. त्यांनी कोपऱ्यातली सब्बल उचलून मागच्या छपरात टाकली आहे, एवढं मी पाहिलं. त्यानं माझी तीस वर्षं परत येत नाहीत.

निमतान्याची नोटीस आली आहे. ती मी फोटोमागे खोचली नाही, दाराशी खिळ्याला लावली आहे. वरचा साहेब येईल तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभी राहीन, लगतची कब्जेदार म्हणून. रिकाम्या हातानं. दगड मालकाचा आहे, खड्डा त्यानं खोदायचा. आणि खोदताना आत पाहायचं.